निवेदन : फाटकावरची वही बंद करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक मंडळ,
नोकरदार महिला वसतिगृह, इंदूर

विषय : निवासी महिलांवर ठेवली जाणारी पाळत व त्यांच्या घरी केले जाणारे फोन थांबवण्याबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची पत्रे. एकाचेही लेखी उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

सविनय निवेदन की, हा विषय आपल्याला नवा नाही. आधी आपण दिवाळीनंतर बघू म्हणालात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अधीक्षिकांशी बोलल्याचे सांगितलेत. ३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी जयंतीच्या कार्यक्रमात तर वही बंद झाल्याचे सर्वांसमक्ष जाहीर केलेत. दुसऱ्या दिवशी वही फाटकावरच होती.

वसतिगृहातील सर्वांत जुन्या निवासी, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, संध्याकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. त्या कर्मचारी नाहीत. तरीही अधीक्षिकांनी त्यांच्या हाती वही दिली आहे आणि आमच्या पालकांचे फोन नंबरही दिले आहेत. वहीत येण्याच्या वेळेच्या पुढे शेऱ्याचा रकाना आहे. ‘गाडी परक्याची’, ‘ओढणी नाही’, ‘फोनवर हसत होती’ असे शेरे त्यात आम्ही स्वतः वाचले आहेत. नियमावलीत या रकान्याला कुठे आधार आहे, हे आपणच सांगावे.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या मैत्रिणीचे काय झाले, ते आपल्याला माहीत आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण त्यावर आजवर काहीच झालेले नाही. ती रुग्णालयात नर्स होती. तिची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री आठ. पुढच्या पाळीला चार्ज देऊन निघेपर्यंत साडेआठ होत. त्या दिवशी वॉर्डात गर्दी होती, रिक्षा मिळाली नाही, म्हणून तिने मोबाइलवरून बाइक टॅक्सी बोलावली. फाटकाशी उतरून तिने चालकाला पैसे दिले, ते मावशींनी पाहिले. तरीही रात्रीच तिच्या वडिलांना फोन गेला की तुमची मुलगी रोज एका मुलाच्या गाडीवरून येते. वडील सकाळच्या पहिल्या बसने आले. तिचे ड्यूटीचे वेळापत्रक कार्यालयात जमा होते. वेळापत्रक दिले की उशिराबद्दल कोणी विचारणार नाही, हा शब्द आपलाच होता. ते कागद वडिलांसमोर ठेवायला कोणी उठले नाही. अधीक्षिका म्हणाल्या, घरचा मामला आहे. दुपारपर्यंत तिची पेटी खाली आली आणि नोकरी सुटली. तिच्या पगारावर धाकट्या भावाची फी जात होती. ती आता आमचे फोन उचलत नाही.

हे एकटीपुरते नाही. केरळच्या नर्सभगिनींना त्यांच्या खाण्यावरून ऐकावे लागते आणि हिंदी तोकडी पडत असल्याने उत्तर देता येत नाही. घटस्फोट घेतलेल्या एका निवासीला जेवणघरात सर्वांदेखत ‘नवऱ्याने टाकलेली’ म्हटले गेले. भिंतीवर अहिल्यादेवींची तसबीर आहे. पती, सासरे आणि मुलगा गेल्यावर ज्या बाईंनी राज्य सांभाळले, त्यांच्या तसबिरीखाली हे घडले, याचे आम्हांला फार वाईट वाटते.

आपले एक उत्तर असे होते की बीआरटीएस रस्त्यावर रात्रभर दुकाने चालू असल्याने वातावरण बिघडले आहे, म्हणून लक्ष ठेवावे लागते. रात्रभर दुकाने चालू ठेवण्याची परवानगी २०२२ मध्ये मिळाली आणि २०२४ मध्ये प्रशासनाने काढूनही घेतली. वही मात्र राहिली. रुग्णालयांच्या पाळ्या आणि विजयनगरच्या कॉल सेंटरांच्या रात्रपाळ्या तेव्हाही होत्या, आजही आहेत.

मावशींचा राग येत नाही असे लिहिणे खोटे ठरेल. पण त्यांना काढा, अशी आमची मागणी नाही. त्या एकट्या आहेत, त्यांना दुसरे घर नाही, आणि त्यांची औषधे आमच्यापैकीच कोणीतरी आणते. त्यांना आमच्याविषयी जे वाटायचे ते वाटो. त्या वाटण्याला आमच्या पालकांचे फोन नंबर आणि संस्थेची वही कोणी दिली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

म्हणून वही आजच जप्त करावी, पालकांचे नंबर फक्त अधीक्षिकांकडे आणि फक्त आजारपण वा अपघातासाठी असावेत, आणि बुऱ्हाणपूरला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र जावे की त्या मुलीची काही चूक नव्हती. तिची खोली तिच्यासाठी राखून ठेवावी. हे शेवटचे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

याशिवाय फाटकावरचा दिवा दुरुस्त करावा. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यासाठी दुसरी टाकी बसवण्याचेही ठरले होते.

मंडळाचा कारभार मराठीत चालतो म्हणून निवेदन मराठीत आहे. सही करणाऱ्या अनेकींना मराठी येत नाही, त्यांनी हिंदी प्रत वाचून सह्या केल्या आहेत. या महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर मिळावे. तोंडी आश्वासन आम्ही यापुढे उत्तर मानणार नाही. उत्तर न आल्यास पुढच्या मंगळवारी हेच निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयातील जनसुनवाईत देऊ.

आपल्या नम्र,
वसतिगृहातील निवासी महिला
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)