थायरॉईडची गोळी आणि होमिओपॅथीचा दावा

राज्यातील अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी १८ सप्टेंबर २०२५ रोजी एक दिवसाचा संप केला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंद करण्यास त्यांचा विरोध होता. अशा होमिओपॅथांना अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहून देण्याची मुभा देणारी कायदादुरुस्ती २०१४ मध्येच झाली होती. अधिकारांच्या या वादात रुग्णाचा साधा प्रश्न मात्र मागे पडला. कोणत्या आजारावर कोणते औषध लागू पडते, हा तो प्रश्न. थायरॉईडची कमतरता हे त्याचे बोलके उदाहरण ठरावे.

मुंबईसह आठ शहरांतील प्रौढांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांत ही कमतरता आढळली होती. ग्रंथी पुरेसे थायरॉक्सिन तयार करीत नाही, हाच मुळात आजार. सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची गोळी म्हणजे तेच संप्रेरक. जे उणे आहे ते भरून काढण्याचा हा सरळ हिशेब आहे. याउलट, ३० पोटेन्सीच्या होमिओपॅथिक औषधात मूळ द्रव्य दर वेळी शंभरपट याप्रमाणे तीस वेळा विरल केलेले असते. त्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नसते.

मग काहींना गुण कसा येतो? टीएसएच किंचित वाढलेल्या अनेकांत ते काही महिन्यांनी आपोआप पूर्ववत होते. श्रेय मात्र साखरेच्या गोळ्यांना मिळते. शिवाय 'गोळी आयुष्यभर घ्या' एवढेच सांगून चिठ्ठी हातात ठेवणाऱ्यापेक्षा, तासभर ऐकून घेऊन 'मुळापासून बरे करतो' म्हणणारा रुग्णाला जवळचा वाटतो. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनीही याचा विचार करावयास हवा.

धोका आहे तो चालू गोळी बंद करण्यात. थायरॉक्सिन शरीरातून सावकाश कमी होत असल्याने सुरुवातीचे काही दिवस फारसे काही जाणवत नाही आणि नवे औषध लागू पडल्याचा भास होतो. पुढे थकवा, सूज, मंदावलेली नाडी अशी लक्षणे परततात. गर्भवतीच्या बाबतीत तर बाळाच्या मेंदूच्या वाढीचाच प्रश्न असतो.

नोंदणीचा निर्णय काहीही होवो, चिठ्ठीवरील औषध कोणत्या पद्धतीचे आहे, हे रुग्णाने स्पष्टपणे विचारावे. उपचारात बदल झाल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावे आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याविना गोळी थांबवू नये.