भरड्याचं घमेलं आणि फॅटचा आकडा

‘खुराक वाढवला की दूध वाढतं.’ नगर, सांगली, सोलापूरकडच्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर हे वाक्य कानावर पडतं, आणि बोलणारा शेतकरी थापा मारत नसतो. मक्याचा भरडा किंवा गोळी पेंड वाढवली की थोड्याच दिवसांत कॅन जड लागतो. धान्यातल्या स्टार्चपासून कोठीपोटात प्रोपिऑनिक आम्ल तयार होतं, त्यापासून यकृतात ग्लुकोज आणि ग्लुकोजपासून कासेत दुधातली साखर. ही साखर पाणी ओढते आणि दूध चढतं. निरीक्षण खरं आहे. त्यावरून काढलेला ‘जेवढा भरडा तेवढं दूध’ हा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

चारा पचवण्याचं मुख्य काम कोठीपोटातले सूक्ष्मजीव करतात. तंतुमय वैरण फोडणाऱ्या जिवाणूंना तिथला सामू सहाच्या वर लागतो. भरड्याचं घमेलं एकदम रिकामं झालं की आम्ल झपाट्यानं वाढतं, सामू साडेपाचच्या आसपास घसरतो आणि हे जिवाणू मागं पडतात. मग तोच कडबा कमी पचतो. शेण पातळ, फेसाळ पडतं, त्यात मक्याच्या कण्या दिसतात. गाय एक दिवस खाते, दुसऱ्या दिवशी गव्हाणीत तोंड घालत नाही. काही आठवड्यांनी ती लंगडते, तेव्हा उपचार खुराचा होतो. आंबोणाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

फॅट पडली की दोष जातीला दिला जातो: ‘एचएफचं दूध पातळच.’ एचएफची फॅट म्हशीइतकी नसते, हे कबूल. पण कालपर्यंत 3.6 लागणारी गाय आठवड्यात 2.9 वर आली, तर तिची जात बदललेली नसते, दावणीतलं काहीतरी बदललेलं असतं. ही गोष्ट नवीनही नाही. आहार बदलला की दुधातली फॅट घटते, अशी नोंद फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यानं 1845 मध्येच केली होती. कारण उलगडायला मात्र दीडशे वर्षं गेली. आम्लता वाढली की मका-सरकीतल्या तेलावर जिवाणूंची प्रक्रिया वेगळ्या वाटेनं होते आणि एक विशिष्ट स्निग्धाम्ल तयार होतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगात हे आम्ल दिवसाला अवघं 10 ग्रॅम थेट गायींच्या चौथ्या पोटात सोडलं, तेव्हा फॅट चाळीस टक्क्यांहून जास्त घसरली. दुधाचं माप मात्र फारसं हललं नाही. गोठ्यातही नेमकं हेच फसवतं. कॅन भरलेला दिसतो आणि 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या दराला कात्री लागते.

‘मग मूठभर खाण्याचा सोडा टाकायचा,’ हा पुढचा युक्तिवाद. सोड्यानं थोडा आधार मिळतो, पण गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते आणि त्या लाळेतूनच किलोभराहून जास्त सोडा पोटात जातो. ही लाळ सुटते रवंथ केल्यावर, आणि रवंथ होते लांब धाग्याच्या वैरणीवर. कडबा पिठासारखा बारीक करून घातला तर ही सोय मालक स्वतःच्या हातानं मोडतो.

याचा अर्थ धान्य विष आहे, असा मुळीच नाही. ‘गाय गवतावरच जगते’ असं सांगणाऱ्यांनी वीस लिटर देणारी, नुकती व्यालेली संकरित गाय पाहावी. नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवर ती अंगावरची चरबी झिजवते, किटोसिसनं बसते. तीन-चार लिटर देणाऱ्या देशी गायीचा हिशेब तिला लावणं हा अन्याय आहे. तिला खुराक हवाच, पण मापात.

शुष्क पदार्थाच्या हिशेबानं साठ भाग वैरण आणि चाळीस भाग खुराक, हे प्रमाण चांगलं. ऐन दुधाच्या भरात ते निम्म्यावर नेता येतं. गव्हाचा स्टार्च मक्यापेक्षा झपाट्यानं आंबतो, म्हणून गव्हाच्या पिठाबाबत हात आखडताच ठेवावा. लग्नातल्या उरलेल्या भात-चपात्या दावणीत ओतणं तर जिवावर बेतू शकतं. व्याल्यावर खुराक दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं चढवावा. पहाटेच्या धारेला उपाशीपोटी सगळा एकदम न देता आधी वैरण टाकावी आणि दिवसभराचा खुराक तीन-चार वेळांत वाटावा. दुपारी गोठ्यात डोकावावं. निवांत बसलेल्या गायींपैकी निम्म्याही रवंथ करत नसतील, तर त्या दिवशी भरडा वाढवायचा नाही, कडबा किंवा मुरघास वाढवायचा.