अग्निबाणाचा खर्च कोणाच्या ताटातून?

उत्तर कोरियाने अग्निबाण सोडण्याची घोषणा करावी, जपानने युद्धनौका पुढे आणाव्यात, दक्षिण कोरियाने सैन्याला सज्जतेचे आदेश द्यावेत आणि वॉशिंग्टनने निषेधाचे पत्रक काढावे, हा प्रयोग पूर्व आशियाच्या रंगमंचावर १९९८ पासून वारंवार होत आला आहे. त्यातला २०१२ सालचा प्रयोग तपासण्याजोगा आहे, कारण त्यात हिशेब उघडा पडला.

त्या वर्षी २९ फेब्रुवारीला अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात समझोता झाला. अणुचाचण्या आणि दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे उत्तर कोरियाने स्थगित ठेवावीत. अमेरिकेने मुख्यतः बालके आणि गर्भवती स्त्रियांसाठी २ लाख ४० हजार टन पोषक अन्न द्यावे. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, १६ मार्चला, किम इल-सुंग यांच्या जन्मशताब्दीनिमित्त उपग्रह सोडण्याचे प्याँगयांगने जाहीर केले. १३ एप्रिलला तो अग्निबाण सुटला आणि काही मिनिटांच्या आतच त्याचे तुकडे पीत समुद्रात पडले. ज्या देशात नव्वदीच्या दशकातील दुष्काळाने लाखो बळी घेतले, त्या देशाच्या राज्यकर्त्यांना आजोबांच्या जयंतीची ही आतषबाजी मुलांच्या घासापेक्षा मोलाची वाटली. आजोबांची गादी नातवाकडे जाते त्या व्यवस्थेला राजेशाही म्हणतात. तिने समाजवादाचे नाव लावून घेणे ही समाजवादाची विटंबना आहे.

पण दुसऱ्या बाजूचे काय? अमेरिकेने अन्न थांबविले. वचन मोडणाऱ्या राजवटीच्या हमीवर अन्न गरजूंपर्यंत पोहोचेल असा भरवसा धरता येत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. शंका निराधार नव्हती. मात्र फेब्रुवारीत जी राजवट अन्नवाटपास पात्र होती, ती मार्चमध्ये अपात्र ठरली ती वाटपातल्या लबाडीमुळे नव्हे, अग्निबाणामुळे! अपराध राज्यकर्त्यांचा आणि उपवास बालकांना, हा न्याय कोणत्या संहितेतला?

त्यानंतर सहाच दिवसांनी, १९ एप्रिलला, भारताने ओडिशाच्या किनाऱ्याजवळील बेटावरून पाच हजार किलोमीटर पल्ल्याचे 'अग्नी-५' सोडले. वॉशिंग्टनने संयमाचा मोघम उपदेश केला आणि वर अण्वस्त्रप्रसाराबाबत भारताच्या सद्वर्तनाचे प्रशस्तिपत्र जोडले. उत्तर कोरियावर सुरक्षा परिषदेच्या ठरावांचे बंधन होते, भारतावर नव्हते, हा फरक खरा. परंतु कोरियातील भुकेची कणव दाखविणाऱ्या आपल्याकडील अग्रलेखांना त्या आठवड्यात मेळघाटातील कुपोषित मुले आठवली नाहीत, हेही तितकेच खरे.

या तणावात तोटा झाला नाही तो शस्त्रखात्यांचा. १९९८ मध्ये उत्तर कोरियाचा अग्निबाण जपानवरून गेला. त्याच निमित्ताने जपानने टेहळणी उपग्रहांचा कार्यक्रम मंजूर करून घेतला आणि २००३ मध्ये पहिले उपग्रह सोडले. ऑक्टोबर २०१२ मध्ये दक्षिण कोरियाने आपल्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याची मर्यादा ३०० किलोमीटरवरून ८०० वर नेण्यास अमेरिकेची संमती मिळविली. २०२१ मध्ये ती मर्यादाच उठली. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरेने टेहळणी उपग्रह सोडला, तर दोन आठवड्यांच्या आत दक्षिणेचा उपग्रह कॅलिफोर्नियातून आकाशात गेला. प्रत्येकाला शेजाऱ्याचा अग्निबाण हवाच असतो. त्याखेरीज अंदाजपत्रकातील वाढीव तरतूद मंजूर कशी व्हावी?

२०१२ च्या डिसेंबरात उत्तर कोरियाचा उपग्रह अखेर कक्षेत पोहोचला. समझोत्यातले ते २ लाख ४० हजार टन अन्न मात्र कधीच पोहोचले नाही.