वेड की शहाणपण?

चाकणच्या वस्तीत मी मुलींचा गट चालवते. कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या या मुली कोरियन मुलांच्या गाण्यांवर जीव टाकतात. आया करवादतात, मलाही हसू यायचं. एका बैठकीत त्यांनीच टीव्हीएक्सक्यूची गोष्ट सांगितली. २००३ साली आलेला हा पाच जणांचा गट जपानमध्येही गाजला. २००९ मध्ये तिघे तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षी तिथल्या सरकारी आयोगाने सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार काढला. गट मात्र फुटला. त्या तिघांना टीव्हीवर जागा मिळेना. "ताई, त्यांच्या हाती निदान करार होता. आम्हाला कागदच दिला नाही," एक म्हणाली. मैत्रिणींनो, या वेडाला हसू नका. पुढची बैठक नेमणूकपत्रावर आहे.