एकशेवीस सेकंदांचा संघ

मार्च सरता सरता नांदगाव खंडेश्वरला एका महाविद्यालयाच्या धनुर्विद्या संघाची सराव लढत पाहून आलो. लढत घरातलीच. तीन मुलगे एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. मुलींचेही तसेच दोन गट. पाहुणे नव्हते, फलक नव्हता, सत्कार नव्हते. शारीरिक शिक्षण संचालकांच्या हातात स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी, सत्तर मीटरवर दोन बट आणि त्यांच्यामागे मातीचा उंच बांध. सातला पहिली शिट्टी झाली आणि साडेदहाला उन्हाने सगळ्यांना झाडाखाली बसवले. त्या साडेतीन तासांत पुढच्या हंगामाविषयी जे कळले, ते वर्षभराच्या गुणतक्त्यांतून कळले नसते. म्हणून या महिन्याचे संपादकीय त्या सकाळवर.

नांदगाव हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. अमरावतीहून बडनेरा मागे टाकून यवतमाळच्या रस्त्याला लागले की हे तालुक्याचे गाव येते. बाहेरचे लोक ते खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळासाठी ओळखतात, हल्ली तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गासाठीही. आपण ओळखतो ते एकलव्य अकादमीमुळे आणि शाळकरी वयात धनुष्य हातात घेतलेल्या पोरापोरींमुळे. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या मुलखात नेमबाज तयार होतात याचे आता कोणाला नवल वाटत नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. शाळेत तयार झालेली ही मुले महाविद्यालयात येतात, तेव्हा त्यांचे आपण काय करतो?

त्या सकाळी आधी प्रत्येकाने एकेकट्याने सहा-सहा बाणांचे सहा एंड मारले. पाहत राहावे असे काम होते. हनुवटीखाली अँकर पक्का, क्लिकर वाजल्यावर सुटका स्वच्छ, बाण एकमेकांना खेटून बसलेले. एका मुलाचे ग्रूपिंग तर असे, की बाण काढताना दोन नळ्या एकमेकींना घासत होत्या. कागदावर हा संघ कोणत्याही आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेत वरचा ठरावा. मग सांघिक लढत सुरू झाली आणि चित्र पालटले.

सांघिक सेटमध्ये तिघांनी मिळून सहा बाण मारायचे असतात आणि वेळ असतो १२० सेकंद. पहिल्या मुलाचा क्लिकर वाजेना, त्याने धनुष्य उतरवले, पुन्हा ओढले. घड्याळ पळत होते. मागे उभ्या दुसऱ्याचा धीर सुटला. तो रेषेवर पोचण्याआधीच त्याने भात्यातून बाण उपसला. संचालकांनी पिवळे कार्ड दाखवून त्याला मागे फिरवले. तिसऱ्याचा पहिला बाण लाल पट्ट्यात गेला आणि दुसरा सुटलाच नाही. न सुटलेला बाण म्हणजे शून्य. तासाभरापूर्वी ज्या तिघांचे बाण एकमेकांना खेटत होते, त्यांच्या सेटमध्ये एक रकाना रिकामा राहिला. पोरगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, मले वेळच नाही उरला." त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. त्याचा वेळ पुढच्या दोघांनी खाल्ला होता आणि तसे होऊ नये म्हणून काय करायचे, हे त्या तिघांना आजवर कोणी शिकवलेच नव्हते.

माझे म्हणणे तिथेच आहे. आपण धनुर्धर घडवतो, संघ घडवत नाही. आपल्याकडे संघ जमतो तो गुणांच्या यादीतून. पात्रता फेरीत वरचे तिघे-चौघे आले की त्यांना एकसारखे ट्रॅकसूट देतो आणि त्याला संघ म्हणतो. विद्यापीठाच्या पातळीवर तर हे आणखी अवघड होते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा पसारा अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांत. कलर कोट मिळालेली मुले वेगवेगळ्या गावची, वेगवेगळ्या मैदानांवर वाढलेली. अखिल भारतीय आंतर-विद्यापीठ स्पर्धेला निघताना जे थोडे दिवस सोबत मिळतात, त्यांत एकमेकांचा वेग ओळखायचा कधी?

मोठ्या रंगमंचावर हाच पेच आपल्या ओळखीच्या एका धनुर्धराच्या वाट्याला आला होता. प्रवीण जाधव मूळचा फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. पण त्याच्या हाताला धनुष्याची सवय लागली ती अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत त्याने सांघिक रौप्य जिंकले. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत त्याचे ६५६ गुण झाले, तो ३१ वा आला. अतनू ६५३ गुणांवर ३५ वा. तीन गुणांच्या या फरकावर मिश्र सांघिक प्रकारात दीपिका कुमारीसोबत प्रवीणला उतरवले गेले. त्याच्या महिनाभर आधीच दीपिका आणि अतनू यांनी पॅरिसच्या विश्वचषक स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकले होते. नव्या जोडीने पहिली फेरी काढली आणि उपांत्यपूर्व फेरीत कोरियापुढे ती २-६ अशी हरली. कोरियापुढे जुनी जोडीही हरली असती, असे कोणी म्हणेल. ते नाकारता येणार नाही. प्रवीणच्या कुवतीचा तर प्रश्नच नव्हता, कारण त्याच टोकियोत वैयक्तिक फेरीत त्याने जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गालसान बाझारझापोव्हला ६-० असे हरवले. पण सवयीची जोडी आणि त्या दिवसाचा गुणतक्ता यांत आपण गुणतक्ता निवडला, हे तर खरे. पुढे एप्रिल २०२४ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत धीरज बोम्मदेवरा, तरुणदीप आणि प्रवीण या तिघांनी अंतिम लढतीत कोरियालाच ५-१ असे हरवले. त्या लढतीचे चित्रीकरण आपल्या मुलांना दाखवा. बाणांकडे नव्हे, पायांकडे बघायला सांगा. कोण केव्हा रेषेवर येतो, मारून झालेला कुठल्या बाजूने मागे सरतो, मागचे दोघे त्या वेळी काय करतात, ते बघायला सांगा.

आता थोडे हिशेबाचे. १२० सेकंदांत सहा बाण म्हणजे एका बाणाला वीस सेकंद, असे आपण मुलांना सांगतो आणि तिथेच चुकतो. एकेक बाण मारून आलटून पालटून जायचे ठरवले तर पाच वेळा अदलाबदल होते. प्रत्येक अदलाबदलीला तीन सेकंद धरले तरी पंधरा सेकंद चालण्यात जातात. हाती उरतात एका बाणाला साडेसतरा. प्रत्येकाने दोन्ही बाण सलग मारले तर अदलाबदल दोनदाच होते आणि वेळ वाचतो. पण मग पहिल्याने वारा चुकीचा धरला तर त्याचे दोन्ही बाण जातात आणि मागच्यांना सावरायला उसंत मिळत नाही. नवख्या संघाने सलग दोनची पद्धत निदान पावसाळ्यापर्यंत वापरून पाहावी, असे माझे मत आहे. अदलाबदल अंगवळणी पडली की मग एकेकावर यावे. पुढे कोण, मागे कोण हेही गुणांवरून ठरवू नये. पहिला असा हवा की ज्याचा क्लिकर लवकर वाजतो आणि पहिल्या बाणाचे ज्याला भय नाही. संथ हाताच्या मुलाला मध्ये ठेवावे. शेवटी तो, ज्याचे काळीज दहा सेकंद उरले तरी ठिकाणावर असते. असा मुलगा कोणता, हे एकट्याच्या सरावात कधीच दिसत नाही. ते घड्याळ लावूनच दिसते.

नांदगावला मुलींच्या लढतीत ते मला दिसले. गुणांनी तिघींत तिसरी असलेली मुलगी शेवटी उभी होती. वारा पश्चिमेकडून सुरू झाला होता, बटवरची चिंधी फडफडत होती, सात-आठ सेकंद उरले होते. मागून संचालक एकच शब्द बोलले, "डावीकडे." तिने नेम तेवढा सरकवला आणि बाण सोडला. तो नऊवर बसला. नऊ म्हणजे काही पराक्रम नव्हे. पण तो बाण वेळेत, वारा धरून आणि मागच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून गेला होता. या महाविद्यालयाचा मुलींचा संघ येत्या हंगामात आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेत सगळ्यांना जड जाईल, असे मी त्या एका बाणावरून म्हणतो. अडचण वेगळी आहे. तिघींपैकी दोघी अंतिम वर्षाला आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या मुली अजून इंडियन राउंड मारतात.

मुलांच्या बाजूला उलटे आहे. तिथे कोणी सोडून जात नाही, नेमही चांगला आहे. पण प्रत्येक जण आपापल्या अकादमीची शिस्त घेऊन आला आहे आणि तिघांच्या चालीला तीन वेगळे ताल आहेत. त्यांना दिवाळीपर्यंत वेळ लागेल. तो संचालकांनी मागून घ्यावा आणि प्राचार्यांनी द्यावा.

इंडियन राउंडचे नाव निघाले म्हणून सांगतो. वऱ्हाडातल्या मुलांची खरी गळती याच वळणावर होते. बांबूचे धनुष्य, पन्नास आणि तीस मीटर, ना साइट ना क्लिकर, यावर मुलगा शाळेत नाव काढतो. महाविद्यालयात आला की समोर रिकर्व्ह उभे राहते, सत्तर मीटर आणि लाखांच्या घरातला संच. बाप कोरडवाहू शेतकरी असेल तर तो खर्च एका हंगामाच्या सोयाबीनमधून निघत नाही. इथे महाविद्यालयाचा क्रीडा निधी उपयोगी पडायला हवा आणि काही ठिकाणी तो पडतोही. पण खरेदीचा क्रम बहुधा उलटा असतो. सगळे पैसे एका भारी रायझरवर जातात आणि बाण जुनेच राहतात. मित्रांनो, रायझर वाटून घेता येतो, लिंब्जही एक वेळ बदलून चालतात. बाण वाटून घेता येत नाहीत. बाणाचा ताठपणा त्या मुलाच्या हाताच्या लांबीला आणि धनुष्याच्या ताणाला जुळला नाही, तर नेम कितीही चांगला असो, बाण तिरकाच निघणार. मग मुलगा स्वतःच्या सुटकेला दोष देत बसतो. बोटांचा टॅबही ज्याचा त्याचाच असावा. पैसे कमी असतील तर आधी प्रत्येकाचे मापाचे बाण घ्या आणि रायझर मध्यम घ्या. नांदगावच्या संचालकांनी यंदा तेच केले आहे. त्या ग्रूपिंगमागे हेही एक कारण होते.

कम्पाउंडकडे मात्र आपल्या भागातली महाविद्यालये अजून पाठ करून बसली आहेत, याचे मला वाईट वाटते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी दोघेही विश्वविजेते झाले. २०२५ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन-रुहरला झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत साताऱ्याच्याच साहिल जाधवने कम्पाउंडचे वैयक्तिक सुवर्ण आणले. ती विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे, म्हणजे तिची वाट आपल्याच मैदानावरून जाते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कम्पाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा येत आहे. मिश्र सांघिक म्हणजे एक मुलगा, एक मुलगी, चार बाण आणि ऐंशी सेकंद. पुन्हा तोच धडा: दोघांना एकमेकांचा वेग ठाऊक हवा. बाराही महिने एकाच मैदानावर मुले आणि मुली शेजारी शेजारी सराव करतात, अशी जागा महाविद्यालयाखेरीज दुसरी कोणती आहे?

अमरावतीला हे सांगावे लागू नये. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनमध्ये जाऊन आपले देशी खेळ दाखवले. ते गेले पथक म्हणून आणि दाखवले तेही पथक म्हणून.

राहिला उन्हाळा. आपला हंगाम खरा बिघडतो तो एप्रिल ते जुलैत. परीक्षा, मग चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन, मग लग्नसराई आणि मृग लागला की पेरणी. मुलगा गावी जातो, धनुष्य कपाटात जाते. आठ-दहा आठवडे चाळीस पाउंडांचा ताण ओढला नाही तर पाठीचे स्नायू विसरतात आणि ऑगस्टमध्ये क्लिकर वाजेनासा होतो. मग आपण म्हणतो, पोराचा फॉर्म गेला. याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. सूर्य तापायच्या आत, साडेपाच ते आठ, मैदान उघडे ठेवा. सकाळची हवाही तेव्हा शांत असते. ज्यांना गावी जावेच लागते त्यांना रबरी पट्टा द्या आणि पाच मीटरवरून, टार्गेटचा कागद न लावता, रोज पन्नास बाण गवताच्या भाऱ्यावर मारायला सांगा; बाण शोधायला लागणार नाहीत अशी मागे भिंत बघून. आणि तिघांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवा, धनुष्याशिवाय. रिकाम्या हातांनी रेषेवर या, मागे सरा, पुन्हा या. नांदगावला लढत संपल्यावर संचालकांनी झाडाखाली हेच करून घेतले. चुन्याने दोन रेषा आखल्या, त्यांच्यात मीटरभर अंतर ठेवले. मघाशी बाण न सुटलेला तो मुलगा या वेळी सर्वांत पुढे उभा होता.

तुमच्या महाविद्यालयाची सराव लढत झाली असेल, तर तिचा कच्चा तक्ता आम्हाला पाठवा. गुणांचा नको, सेकंदांचा. कोणत्या बाणाला किती वेळ लागला आणि कोणता बाण सुटलाच नाही, एवढेच लिहा. पंधरा मेपर्यंत जे तक्ते येतील ते जूनच्या अंकात महाविद्यालयांची नावे न देता छापू, म्हणजे पेरणीच्या सुट्टीआधी ते सर्वांच्या हाती असतील.