प्रेक्षक होते, पण चुकीच्या वयाचे

‘यंग जस्टिस’ ही अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिका कार्टून नेटवर्कवर २०१०च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २०१३च्या मार्चमध्ये संपवली गेली. दोन पर्वं, ४६ भाग. मालिका बंद पडली म्हणजे कुणी बघत नसणार, असा आपला सरळ समज असतो. इथे बघणारे होते. त्यात कॉलेजात जाणारी मुलं होती, मुली होत्या, नोकरीधंद्याला लागलेली माणसंही होती. माझ्या मते नेमकी तीच अडचण होती.

मालिकेचे एक निर्माते ग्रेग वाइसमन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की, मालिकेचा पैसा मॅटेल या खेळणी कंपनीशी बांधलेला होता. खेळणी हवी तशी खपली नाहीत, कंपनीनं हात काढून घेतला आणि विषय मिटला. आता ही मालिका होती कशाबद्दल? नामांकित सुपरहिरोंच्या हाताखाली शिकणाऱ्या किशोरवयीन मुलांबद्दल. मोठे आपल्यावर विश्वास टाकतात की नुसतं राबवून घेतात, हा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या पर्वात तर कथा एकदम पाच वर्षं पुढे जाते. सोळा वर्षांचा मुलगा हे जीव लावून बघेल, पण बाहुली विकत घ्यायला दुकानात जाणार नाही. त्याचा धाकटा भाऊ जाईल, तर त्याला गोष्ट समजायला जड. गेंडी टार्टाकोव्हस्की यांची ‘सिम-बायॉनिक टायटन’ याच सुमारास २० भागांत आटोपली. तिथेही खेळण्यांचाच हिशेब जुळला नव्हता.

मुलांच्या वाहिनीचा धंदा समजून घेतला की हे कोडं उरत नाही. वाहिनी जाहिरातदाराला कार्यक्रम विकत नाही, ठरावीक वयाचे प्रेक्षक विकते. दोन ते अकरा, सहा ते अकरा अशा कप्प्यांत ते मोजले जातात. खेळणी आणि खाऊ विकणारा त्याच कप्प्याचे पैसे देतो. संध्याकाळी एकोणीस वर्षांचा कुणी ती वाहिनी लावून बसला, तर त्याची किंमत जवळपास शून्य. प्रौढांसाठी याच वाहिनीनं २००१पासून रात्रीचा ‘अ‍ॅडल्ट स्विम’ हा वेगळा विभाग ठेवला, पण तिथे भर विनोदावर. म्हणजे सायंकाळ लहानग्यांची, रात्र मोठ्यांची आणि मधल्या तेरा-सतरा वयाला जागाच नाही. निकलोडियननंही २०१४मध्ये ‘द लिजंड ऑफ कोरा’ तिसरं पर्व चालू असतानाच टीव्हीवरून उचलून इंटरनेटवर नेली.

लेखक पॉल डिनी यांनी २०१३मध्ये याहून बोचरी गोष्ट सांगितली. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना मुली प्रेक्षक म्हणून नको असतात, कारण मुली ही खेळणी घेत नाहीत, असा त्यांचा ठाम समज. मालिका मुलींना आवडली, हा तिचा दोष ठरतो! त्यांच्यासाठी वेगळी खेळणी काढून बघावीत, हे कुणाच्या मनात कसं येत नाही?

वाहिनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, हे मला मान्य आहे. अ‍ॅनिमेशन महाग असतं आणि पैसा कुठून तरी यावाच लागतो. पण एका बाहुलीच्या खपावर गोष्टीचं आयुष्य ठरवणं, हा धंद्याचाही आळस आहे.

नेटफ्लिक्सवर जुने भाग लोकांनी पुन्हापुन्हा पाहिले, मागणी लावून धरली, म्हणून ‘यंग जस्टिस’ २०१९मध्ये एका सशुल्क ऑनलाइन सेवेवर परतली. त्या तिसऱ्या पर्वात हेलो नावाची नायिका आहे. कुराक या काल्पनिक देशातून आलेली, हिजाब घालणारी सुपरहिरो. तिचा धर्म मालिकेनं जसा हाताळला, त्यावर मुस्लिम प्रेक्षकांत बरीच नाराजी होती. माझ्याही काही तक्रारी आहेत. चौथ्या पर्वात श्रद्धेचा विषय जास्त समजुतीनं आला. पण २०१३चा निकाल कायम राहिला असता, तर भांडायलाही हे पात्र नसतं. खेळण्यांच्या हिशेबात हिजाबवाल्या मुलीला कुणी जागा दिली असती, यावर माझा विश्वास नाही.

ऑनलाइन सेवांना खेळण्यांची गरज नाही, तेव्हा हा प्रश्न आता सुटला, असं अनेकांना वाटलं. ‘इन्फिनिटी ट्रेन’चं काय झालं ते बघा. ओवेन डेनिस यांची ही मालिका २०१९ला टीव्हीवर आली, मग एचबीओ मॅक्सवर गेली. चार पर्वं झाली. पुढची गोष्ट एका प्रौढ बाईची होती. तिच्यात लहान मुलांना शिरायला वाट कुठे आहे, असं विचारून ती नाकारण्यात आली, हे डेनिस यांनीच सांगितलं. म्हणजे जाहिरातदार गेला, पण त्याचा जुना प्रश्न कचेरीत तसाच बसून होता. २०२२च्या ऑगस्टमध्ये झालेले भागही त्या सेवेवरून काढून टाकले. दरमहा पैसे भरून बघणारे मोठे प्रेक्षक तेव्हाही होतेच.