आलेख, अहवाल आणि एक तारीख

गेल्या महिन्यात पेडण्याच्या शाळेतील माझा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन डिचोलीस माझ्या घरी आला. वडील नुकतेच सेवानिवृत्त झालेले. ग्रॅच्युइटीची रक्कम शेअरांत गुंतवावी, येथवर दोघांचे एकमत होते. कोणत्या कंपनीत, यावर वाद होता. मुलाच्या मोबाइलवर भावाचा आलेख, वडिलांच्या पिशवीत कंपनीचा वार्षिक अहवाल. निवाडा मी करावा, असा उभयतांचा आग्रह!

वाचकहो, हा वाद जुनाच आहे. तांत्रिक विश्लेषण करणारा भाव व उलाढाल यांचे चित्र वाचतो. आजचा भाव गेल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहे की खाली, हे पाहतो. लोकांना जे ठाऊक आहे ते भावात उतरलेलेच असते, ही त्याची श्रद्धा. मूलभूत विश्लेषण करणारा नफा, कर्ज व मालमत्ता यांवरून शेअरचे मोल ठरवतो आणि भाव त्याहून कमी असेल तरच घेतो. बेंजामिन ग्रॅहम व डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली ग्रंथ लिहून या पद्धतीला शिस्त लावली. आमच्या शाळेच्या भाषेत, एक गुणपत्रक पाहतो, दुसरा वही तपासतो.

मी त्यांना आमच्या तालुक्याचीच हकीकत सांगितली. सेसा गोवा ही १९५४ सालची खाणकंपनी. २००० नंतर चीनमधील पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि गोव्याचे हलक्या प्रतीचे खनिजही खपू लागले. साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रकांची रीघ लागे. अहवालात नफा होता, आलेख चढत होता आणि ट्रक तर आम्हांस डोळ्यांनी दिसत होते. कित्येकांनी कर्ज काढून स्वतःचे ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती! पुढे नूतनीकरण झालेले ८८ पट्टेही फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले.

आलेखाच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की भाव २०१२ पूर्वीच उतरणीला लागला होता. परंतु का, हे आलेख सांगत नाही. नफ्याचे आकडेही खोटे नव्हते. मात्र पाया पाहणे म्हणजे केवळ नफा पाहणे नव्हे. पोर्तुगीज काळातील खाणहक्कांचे पट्टे १९८७ च्या कायद्याने झाले, त्यांच्या नूतनीकरणास वीस वर्षांची मर्यादा होती. धंदा कोणाच्या परवान्यावर उभा आहे आणि तो कधीपर्यंत, हा प्रश्न ट्रक मोजणाऱ्या आम्हां शेजाऱ्यांनाही सुचला नाही. जवळून पाहणे आणि जाणणे यांत अंतर असते.

"मग सर, निवाडा काय?" वडिलांनी विचारले.

मी म्हणालो, "काय घ्यावे ते अहवालाला विचारा, केव्हा घ्यावे यासाठी हवे तर आलेख पाहा, पण आधी परवान्याची तारीख शोधा. आणि सारे बियाणे एकाच कुणग्यात पेरू नका. उतारवयात दुसरा पाऊस येईपर्यंत थांबण्याइतकी सवड नसते."

मुलगा काहीसा हिरमुसला. तथापि परवा त्याचा निरोप आला, की तीन हिस्से रक्कम मुदत ठेवीत ठेवली असून उरलेल्या एका हिश्श्यासाठी बापलेक सध्या एकाच टेबलाशी बसून वाचत आहेत.